ट्रिंकोमाली

मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानापासून बांधलेले ब्रिटिश नौदलाचे शिडाचे लढाऊ जहाज. फ्रिगेट या वर्गातील हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरविण्यात आले. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे ते तरंगत्या अवस्थेत जतन करण्यात आले आहे. अद्यापि पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत ते सर्वांत जुने असून, जगातील अशा युद्धनौकांत अमेरिकेचे काँस्टिट्यूशन (१७९७) तेवढे त्याच्यापेक्षा जुने आहे. नेल्सनचे व्हिक्टरी (१७६५) हे जहाज वयाने दोहोंपेक्षा वडील आहे. तथापि १९२२ पासून ते पोर्टस्मथ येथे कोरड्या गोदीत ठेवण्यात आले आहे. ट्रिंकोमाली हे नाव श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रसिद्ध नैसर्गिक बंदरावरून दिलेले आहे.

कोकण किनाऱ्यावरील लाकडी नौबांधणीच्या इतिहासात या जहाजास विशेष महत्त्व आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत या किनाऱ्यावर शेकडो गुराबा, गलबते, शिबाडे व मचवे बांधले गेले. त्यांच्याविषयीची माहिती मुख्यतः कागदपत्रे, प्रवासवर्णने व चित्रे यांतून मिळते. त्यांचा आश्रय असलेले जलदुर्ग उभे आहेत. पण लाकडी सांगाडे काळाच्या ओघात नाहीसे झाले. मुंबईच्या सुतारांनी घडविलेले व पाणी न सोडलेले ट्रिंकोमाली म्हणूनच या किनाऱ्यावरील नौबांधणीचा एक प्रत्यक्ष पुरावा ठरते.

पार्श्वभूमी : मुंबई बंदराच्या मुखाशी, दक्षिणेकडील बाजूस मांडवा (रायगड जिल्हा, अलिबाग तालुका) हे गाव आहे. तेथून मुंबईची जुनी गोदी सरळ रेषेत सु. १४ किमी. अंतरावर आहे. मांडव्याच्या पूर्वेस रेवस येथे धरमतरची खाडी बंदराला मिळते, तर नैर्ऋत्येस थळसमोर खांदेरी व उंदेरी ही बेटे आहेत. मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला या टापूच्या नजरेखालून जावे लागे. त्यामुळे मांडवा ते अलिबाग हा किनारा ज्याच्या ताब्यात, त्याला मुंबईच्या व्यापारावर दाब ठेवता येई. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास आरंभ केला, त्याचे कारण हेच होते. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. परंतु उथळ पाण्यातून चालणाऱ्या मराठ्यांच्या लहान नौका थळच्या बाजूने रसद पोहोचवीत राहिल्या आणि वेढा निष्फळ झाला.

पुढे कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांच्या काळात कुलाबा (अलिबाग), खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग ही आरमाराची ठाणी झाली. त्यांच्या लढाऊ ताफ्यात गुराब व गलबत हे दोन प्रकार प्रमुख होते. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. दोन काठ्यांची गुराब सु. १५० टनांची, तर तीन काठ्यांची सु. ३०० टनांची असे. तिची नाळ (पुढचा निमुळता भाग) सखल व लांब असून, तीवरून समोर मारा करण्यासाठी तोफा बसविलेल्या असत. गलबत हे क्वचितच ७० टनांपेक्षा मोठे असे. वारा पडल्यावर चाळीस-पन्नास वल्ह्यांनी ते वेगाने हाकारता येई व गुराबेलाही ओढून नेता येई. खोल पाण्यातील अवजड जहाजे या ताफ्यापुढे किनाऱ्यालगत हतबल होत. खांदेरीवरील १७१८ ची इंग्रजांची मोहीम आणि अलिबागवरील १७२१ ची इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त मोहीम या दोन्ही फसल्या.

या संघर्षामुळे ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत स्वतःचे लढाऊ ताफे बांधण्याची व दुरुस्त करण्याची निकड भासू लागली. तोपर्यंत कंपनीची बरीच नौबांधणी सुरतेस होत असे. तेथे काम करणारे पारशी मुकादम लवजी नसरवानजी वाडिया यांना कंपनीने १७३६ मध्ये काही सुतारांसह मुंबईस आणले. मुंबईच्या गोदीचा व वाडिया घराण्याच्या सु. दीडशे वर्षांच्या नौबांधणीचा आरंभ येथून होतो. बंदराच्या एका काठावरील आरमाराशी टक्कर देण्याच्या गरजेतून दुसऱ्या काठावरील गोदी वाढत गेली, असे या घटनाक्रमावरून म्हणता येते.

आंग्र्यांच्या आरमाराचा शेवट फेब्रुवारी १७५६ मध्ये झाला. घरातील दुही व पेशव्यांशी बिघडलेले संबंध यांमुळे तुळाजी आंग्रे एकाकी पडले होते. ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर केलेल्या तोफमाऱ्यात किल्ल्याखाली एकत्र नांगरलेल्या जहाजांपैकी एकास आग लागली व ती पसरून सर्व ताफा जळाला. त्यात गोदीत बांधून होत आलेली जहाजेही होती. कोकणच्या स्वदेशी लढाऊ नौबांधणीतील सर्वांत मोठा वारसा अशा रीतीने एका दिवसात नष्ट झाला. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये येथे खडक खोदून केलेली आंग्र्यांची गोदी मात्र अवशिष्ट आहे.

मुंबईची गोदी : मुंबईतील पहिली कोरडी गोदी १७५० मध्ये तयार झाली व त्यानंतरच्या पंधरा वर्षांत तिला आणखी दोन भाग जोडण्यात आले. डंकन गोदी १८१० मध्ये पूर्ण झाली. मुंबईस उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक सु. ५ मी.पर्यंत असतो. भरतीच्या पाण्यावर जहाज गोदीत घ्यावयाचे, ओहोटीबरोबर पाणी बाहेर जाऊ द्यावयाचे व दरवाजे बंद करून तळ कोरडा ठेवावयाचा, अशी ही व्यवस्था होती. भरती-ओहोटीतील फरक कमी असलेल्या बंदरांत हे काम पाणी उपसल्याशिवाय होत नसे. या नैसर्गिक अनुकूलतेमुळे मोठ्या जहाजांच्या बांधणीस व तळाच्या दुरुस्तीस मुंबई हे पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत सोयीचे ठिकाण ठरले.

ब्रिटिश नौदलाने मुंबईकडे लक्ष वळविले ते लाकडाच्या टंचाईमुळे. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडमधील ओक वृक्षांची बेसुमार तोड झाली. घाईने बांधलेल्या जहाजांत न मुरलेले ओले लाकूड वापरले जाऊ लागले व ती लवकर कुजू लागली. १८१० मध्ये पाण्यात उतरलेल्या क्वीन शार्लट या शंभर तोफांच्या जहाजाला पहिल्या कामगिरीपूर्वीच कुजलेल्या लाकडांमुळे मोठी दुरुस्ती करावी लागली. उलट मुंबईची सागवानी जहाजे दीर्घकाळ टिकत असल्याचा कंपनीचा अनुभव होता. जमशेटजी बमनजी वाडिया हे प्रमुख नौबांधक असताना ७४ तोफांचे मिंडेन हे जहाज १८१० मध्ये मुंबईत तयार झाले. ब्रिटनबाहेर ब्रिटिश नौदलासाठी बांधलेले ते पहिले मोठे लढाऊ जहाज होय. त्यामागून कॉर्नवॉलिस (१८१३), वेलस्ली (१८१५), अँफिट्राइट (१८१६), मेलव्हिल (१८१७) इ. जहाजे बांधण्यात आली.

सागवान आणि त्याची किंमत : ओकच्या लाकडात टॅनिक आम्ल असते. खाऱ्या पाण्यात ते लोखंडी खिळे व पट्ट्या खाऊन टाकते. सांधे ढिले होतात व जहाज गळू लागते. सागाच्या लाकडातील तेलकट द्रव्यामुळे लोखंडाचे उलट रक्षण होते. हे लाकूड पाण्याने फारसे फुगत वा आकसत नाही. बुरशी व वाळवी यांचा उपद्रवही त्यास कमी होतो. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून मात्र ते सर्वस्वी मुक्त नाही, म्हणून मोठ्या जहाजांच्या पाण्याखालील भागावर तांब्याचे पत्रे ठोकीत. सुरत व मुंबई येथील सुतार फळ्यांच्या कडा नुसत्या एकमेकींस न भिडविता त्यांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवीत आणि सांध्यात कापूस व राळ भरीत. असा सांधा वर्षानुवर्षे पाणी धरीत नसे. युरोपीय प्रवाशांनी या पद्धतीची आवर्जून नोंद केलेली आहे.

या लाकडाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. मुंबईच्या गोदीला सागाचा पुरवठा मुख्यतः मलबारच्या जंगलांतून होई. ओंडके नद्यांतून तरंगत किनाऱ्यावर आणून तेथून समुद्रमार्गे मुंबईस पाठवीत. हा पुरवठा हमखास व्हावा म्हणून कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक केली. हिंदुस्थानातील हे अशा प्रकारचे पहिले पद होय. त्यांनी सागाच्या तोडीचा व विक्रीचा मक्ता सरकारकडे घेतला. त्यामुळे जमीनमालक, लाकडाचे व्यापारी व जंगलावर उपजीविका करणारे लोक यांचे परंपरागत हक्क डावलले गेले व असंतोष वाढला. अखेर मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांच्या कारकिर्दीत, १८२३ मध्ये, हे पद रद्द करण्यात आले. ट्रिंकोमाली ज्या वर्षांत बांधले गेले ती वर्षे या मक्त्याच्याच काळातील आहेत.

बांधणी : ट्रिंकोमाली बांधण्याचा हुकूम ऑक्टोबर १८१२ मध्ये निघाला. त्यासाठी ‘लेडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रिगेट वर्गाचा आराखडा निवडण्यात आला. हा आराखडा मूळचा फ्रेंच असून, इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडलेल्या एबे या जहाजावरून तो घेतलेला होता. आराखड्याची पहिली प्रत जाव्हा या युद्धनौकेवरून मुंबईस पाठविण्यात आली. मुंबईचे काही जहाजबांधणीचे सामानही तीवर होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या काँस्टिट्यूशनने जाव्हाचा पराभव केला व नंतर ती जाळून टाकण्यात आली. त्यामुळे आराखडा पुन्हा पाठवावा लागला. हेच काँस्टिट्यूशन आज तरंगत्या युद्धनौकांत वयाने ट्रिंकोमालीच्या पुढे आहे.

प्रत्यक्ष काम १८१६ मध्ये सुरू झाले. जहाजाचे पठाण (तळाचा मुख्य लांब सोट) बसविताना जमशेटजींनी पारशी नौबांधकांच्या प्रथेप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. पठाणावर बाकदार फासळ्या उभ्या करून त्यांवर आतून-बाहेरून जाड फळ्या मारण्यात आल्या. तोफांच्या डेकची लांबी सु. ४६ मी. व जहाजाची रुंदी सु. १२ मी. आहे. मापी भार एक हजार टनांहून काहीसा अधिक, म्हणजे तीन काठ्यांच्या मोठ्या गुराबेच्या तिपटीहून जास्त होता. जुन्या वर्गवारीनुसार हे ३८ तोफांचे जहाज होय. पुढे तोफा मोजण्याची पद्धत बदलल्यावर ते ४६ तोफांचे गणले गेले. बांधणीस सु. २३,००० पौंड खर्च आला.

जहाज पाण्यात उतरल्यावर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली व पुढील वर्षी पेशवाई संपली. त्या वेळी अलिबागचा परिसर आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होता. औरस वारस नसल्याचे कारण दाखवून इंग्रजांनी ते संस्थान १८४० मध्ये खालसा केले. अशा प्रकारे मुंबई बंदराच्या दोन्ही काठांवरील सत्तास्पर्धा संपुष्टात येत असतानाच हे जहाज तयार झाले.

सेवा : ट्रिंकोमाली इंग्लंडला रवाना झाले तेव्हा नेपोलियनशी युद्ध संपून तीन वर्षे झाली होती. जानेवारी १८१९ मध्ये ते सेंट हेलीना बेटावर काही दिवस थांबले. तेथे कैदेत असलेल्या नेपोलियनची प्रकृती तपासलेले नौदलाचे शल्यवैद्य जॉन स्टोको हे तेथून या जहाजाने इंग्लंडला परतले. ३० एप्रिल १८१९ रोजी ते पोर्टस्मथला पोहोचले. शांततेच्या काळात एवढ्या जहाजांची गरज नसल्याने त्यास राखीव ताफ्यात टाकण्यात आले. डोलकाठ्या व शिडे उतरवून, वर छप्पर घालून ते सु. पंचवीस वर्षे तसेच ठेवण्यात आले. तरुणपणीची ही सक्तीची विश्रांती त्याच्या दीर्घायुष्यास कारणीभूत झाली. युद्धात झिजून वा बुडून गेलेल्या समकालीन जहाजांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

१८४५ मध्ये जहाजाची पुनर्रचना सुरू झाली. मागील भागाचा आकार बदलण्यात आला. तोफांची संख्या २६ वर आणून त्या अधिक मोठ्या माऱ्याच्या बसविण्यात आल्या आणि त्यास कॉर्व्हेट या वर्गात घालण्यात आले. नाळेवर पागोटे घातलेल्या पुरुषाचा कोरीव अर्धपुतळा आहे. १८४७ ते १८५० या काळात उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज विभागात गुलामांच्या चोरट्या व्यापारास आळा घालणे, मासेमारी क्षेत्रांवर देखरेख ठेवणे इ. कामे त्याने केली. १८५२ ते १८५७ या काळात ते पॅसिफिक ताफ्यात होते. क्रिमियन युद्ध (१८५३–५६) या काळातलेच. पण ट्रिंकोमालीला मोठ्या सागरी लढाईत भाग घ्यावा लागला नाही. १८५६ मध्ये व्हँकूव्हर बेटावरील काउइचन या आदिवासी जमातीच्या प्रदेशात गव्हर्नर जेम्स डग्लस यांनी सशस्त्र मोहीम नेली, तेव्हा सैनिक या जहाजातून नेण्यात आले होते. एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडल्याच्या आरोपावरून तेथे एका आदिवासीस फाशी देण्यात आले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका सामुद्रधुनीस ट्रिंकोमालीचे नाव आहे, तर जवळच्या दुसऱ्या जलमार्गास त्याचे तत्कालीन कप्तान हूस्टन यांचे.

वाफेच्या यंत्राच्या प्रसारानंतर केवळ शिडांवर चालणाऱ्या युद्धनौकांचे महत्त्व संपले. १८६० पासून ट्रिंकोमालीचा उपयोग राखीव नौसैनिकांच्या प्रशिक्षणासाठी होऊ लागला. प्रथम संडरलंड, १८६२ ते १८७७ या काळात वेस्ट हार्टलपूल व नंतर साउदॅम्प्टनजवळ ते नांगरलेले असे. १८९५ मध्ये ही सेवाही संपली व १८९७ मध्ये ते मोडीत विकण्यात आले.

मोडीतून सुटका : त्याच वर्षी जॉर्ज व्हीटली कॉब या धनिकाचे फूद्रॉयां हे जुने जहाज ब्लॅकपूल येथे वादळात फुटले. एके काळी नेल्सनचे निशाण वाहणारे हे जहाज त्यांनी स्वतः मोडीतून सोडवून मुलांच्या प्रशिक्षणासाठी ठेवले होते. त्याची जागा घेण्यासाठी कॉब यांनी ट्रिंकोमाली विकत घेतले व नष्ट झालेल्या जहाजाच्या स्मरणार्थ त्यास फूद्रॉयां हे नाव दिले. त्यामुळे विसाव्या शतकाचा बराच काळ मुंबईचे हे जहाज मूळ नावाने ओळखले जात नव्हते. फॉलमथ येथे व १९३२ पासून पोर्टस्मथ येथे त्यावर मुलामुलींना समुद्रजीवनाचे शिक्षण देण्यात येई.

पोर्टस्मथ येथे त्याच्या शेजारी इंप्लेकेबल हे १८०० साली बांधलेले, ट्रफॅल्गरच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढलेले जहाज होते. दुरुस्तीचा खर्च झेपत नसल्याने ते डिसेंबर १९४९ मध्ये समुद्रात नेऊन बुडविण्यात आले. या घटनेने ब्रिटनमध्ये हळहळ व्यक्त झाली व ऐतिहासिक जहाजांच्या जतनाविषयी लोकमत जागृत होण्यास मदत झाली. फूद्रॉयांवरील प्रशिक्षण १९८६ पर्यंत चालू राहिले.

१९८७ मध्ये जहाज एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला नेण्यात आले. वॉरियर (१८६०) या लोखंडी युद्धनौकेच्या जीर्णोद्धारामुळे तेथे कुशल कारागिरांचा संच तयार झालेला होता. ट्रिंकोमालीच्या जीर्णोद्धाराचे काम १९९० मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये पूर्ण झाले. त्यास एक कोट पौंडांहून अधिक खर्च आला. १९९२ मध्ये जहाजाला मूळ नाव परत देण्यात आले. २०१६ पासून ते ब्रिटनच्या राष्ट्रीय नौदल संग्रहालयाच्या व्यवस्थेत आहे.

अवशेषांचे स्वरूप : जीर्णोद्धारात शिडे, दोरखंड व काही फळ्या नव्याने घालण्यात आल्या; परंतु सांगाड्याचा बराच मोठा भाग मुंबईत बसविलेल्या मूळ सागाचाच आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात राहूनही तो शाबूत राहिला. यामागे तीन कारणे दिसतात. सागाचे नैसर्गिक गुणधर्म व मुंबईच्या कारागिरांचे काम हे पहिले. पंचवीस वर्षे छपराखाली काढलेला व नंतर लढाईविना गेलेला सेवाकाल हे दुसरे. तिसरे कारण असे की, या जहाजाला प्रत्येक टप्प्यावर नवा उपयोग सापडत गेला. लाकडी जहाज माणसांच्या वापरात असेपर्यंत त्याची गळती बुजविली जाते. ते ओस पडले की काही वर्षांतच ते नष्ट होते. केवळ उत्तम लाकूड पुरेसे नसते, हे मुंबईत बांधलेल्या त्याच्या अन्य भावंडांच्या वृत्तान्तावरून कळून येते.

कॉर्नवॉलिसवर २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीन व ब्रिटन यांच्यात नानकिंगचा तह झाला. १८६५ मध्ये त्याचा सांगाडा शीअरनेस येथे धक्का म्हणून वापरण्यात आला व १९५७ मध्ये तो मोडण्यात आला. वेलस्लीने १८३९ मध्ये कराचीच्या किल्ल्यावर तोफमारा केला होता. प्रशिक्षण जहाज म्हणून टेम्स नदीत उभे असताना सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात ते बुडाले. त्याचे काही लाकूड लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीत वापरल्याचे सांगतात. एशिया (१८२४) हे जहाज १८२७ च्या नाव्हारीनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरलचे निशाण वाहत होते. ते १९०८ मध्ये विकले गेले. गँजिस (१८२१) हे अनेक वर्षे प्रशिक्षणासाठी वापरून १९३० मध्ये मोडण्यात आले. लेडा वर्गातील युनिकॉर्न (१८२४) हे इंग्लंडमध्ये बांधलेले जहाज स्कॉटलंडमधील डंडी येथे शिल्लक आहे. त्याला कधीच समुद्रसेवेसाठी सज्ज करण्यात आले नाही व त्याचे छप्परही काढले गेले नाही, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

मुंबईच्या नौबांधणीला लाकडाच्या टंचाईने चालना दिली, तरी इंग्लंडमधील नौबांधकांचा विरोध तिला कायम होता. मुंबई व कलकत्ता येथील जहाजे आपला धंदा बुडवितात, अशी टेम्सकाठच्या कारखानदारांची तक्रार होती. युद्ध संपल्यावर करण्यात आलेल्या कायद्यांनी हिंदी खलाशांना ब्रिटिश खलाशांचा दर्जा नाकारला. त्यामुळे हिंदी जहाजांना इंग्लंडशी व्यापार करणे कठीण झाले. पुढे लोखंड व वाफ यांनी सागवानाचे स्थान घेतले. १८४८ मध्ये तयार झालेले मियानी हे मुंबईच्या मोठ्या लाकडी युद्धनौकांपैकी अखेरच्यांतील एक होय.

कोकण किनाऱ्यावरील सद्यःस्थिती : ट्रिंकोमाली ज्या गोदीत बांधले गेले, ती भारतीय नौदलाच्या ताब्यात असून तिचे जुने भाग अद्यापि वापरात आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या जलदुर्गांचा जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. अशा प्रकारे दुर्ग व गोद्या यांना मान्यता लाभली. ज्या जहाजांसाठी त्या उभारण्यात आल्या, त्यांची आठवण मुख्यतः नौकांच्या नावांत व सुतारांच्या परंपरागत ज्ञानात राहिली आहे. मांडवा, रेवस व धरमतर येथून भात, मीठ, लाकूड व माणसे मुंबईस नेणारे शिडाचे मचवे व पडाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे, ट्रक व लाँच यांच्यापुढे मागे पडले. मांडवा व मुंबईचा भाऊचा धक्का यांच्या दरम्यान मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गेटवे ऑफ इंडियाहून प्रवासी लाँचही चालतात. मासेमारीच्या नौकांतही लाकडाऐवजी फायबरचा वापर वाढला आहे.

लाकडी नौका बांधणारा कोकणातील सुतार सामान्यतः कागदावरील आराखड्याशिवाय, डोळ्यांच्या अंदाजाने व हाताच्या मापाने काम करतो. हे ज्ञान लिखित नसल्याने कारागिरांबरोबर ते नाहीसे होण्याचा संभव असतो. अशा परंपरेत प्रत्यक्ष जहाज हाच खरा ग्रंथ होय. फळ्यांचे सांधे, खिळ्यांची ठेवण व फासळ्यांचा बाक यांवरून बांधणाऱ्याची पद्धत अभ्यासता येते. ट्रिंकोमालीचा आराखडा युरोपीय असला, तरी त्याचे लाकूड व ते घडविणारे हात या देशातील होते. त्यामुळे ब्रिटिश नौदलाच्या इतिहासाचे साधन म्हणून त्याचे जेवढे मोल आहे, तेवढेच पश्चिम किनाऱ्यावरील नौबांधणीचे साधन म्हणूनही आहे.